रिकामं पुस्तक परत कसं द्यावं

सत्तावन्न सालच्या आषाढात इंदिरा अहेरीला उतरली तेव्हा तिच्याबरोबर एक वळकटी होती आणि चाळीस पुस्तकांची लोखंडी पेटी. चांद्याच्या वाचनालयानं जंगलभागात उघडलेली पहिलीच शाखा चालवायला ती आली होती. पण एकटी बाई आली म्हटल्यावर गावानं तिला नर्स ठरवून टाकलं. पहिल्याच आठवड्यात गळू झालेला एक म्हातारा दारात येऊन बसला.

"सुई नाई? मंग कायची बाई तू?" म्हणाला, आणि उठून गेला.

पुढं महिनाभर त्या खोलीत कुणी पाऊल टाकलं नाही. आपला आवाज विसरू नये म्हणून इंदिरा भाकरी थापता थापता एकटीच मोठ्यानं वाचायची. शेवटी तिनंच पेटी उचलली आणि आठवडी बाजारात भाजीवाल्यांच्या रांगेत गोणपाट अंथरून बसली. लोक थांबले, हसले, चित्रं बघितली. ज्या घरात चौथी शिकलेला एखादा माणूस होता, त्या घरानं एकेक पुस्तक नेलं. तीन बाजारांत पेटी रिकामी झाली.

आणि रिकामीच राहिली. एकही पुस्तक परत येईना. नेणारे बाजारात समोर दिसले की मान वळवून दुसऱ्या रांगेत शिरायचे. आधी निदान हसायचे तरी.

आश्विनात चांद्याहून वाचनालयाच्या चिटणिसांचं पत्र आलं. दसऱ्याआधीच्या बाजाराला ते स्वतः येणार होते. पुस्तकं जागेवर नसली तर शाखा बंद, आणि इंदिरानं चांद्याला परतायचं. पत्र वाचून तिला रडू आलं. त्यात सुटल्याचंही थोडं होतं, म्हणून स्वतःचा रागही आला.

बाजाराला चार दिवस होते. ती नदीकाठच्या, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या वस्तीकडं चालत निघाली. सगळ्यात पहिलं पुस्तक नेलं होतं ते रंभानं, नवऱ्याकडून, म्हणजे इस्तारीकडून, वाचून घ्यायला.

रंभानं तिला दुरूनच पाहिलं आणि घरात शिरली. इंदिरा उंबऱ्याशी उभी राहिली. पुस्तक आत शिंक्यावर होतं, धुतलेल्या फडक्यात बांधलेलं.

"वाचून झालं का?"

"कवाचंच. सारी वस्ती बसे आयकाले. दोनदा वाचलं ह्यायनं."

"मग आणून काऊन नाही दिलं, रंभाबाई?"

रंभा खाली बघत राहिली. "रिकामं कसं आनू, बाई? कोनाचं भांडं कोनी रिकामं परत देते का? नदी उतरली नाई, मासे नाई. धान अजून वावरात उभा आहे. साऱ्यायचं असंच आहे. तुमी दिसल्या का लाज वाटते."

इंदिरा तिथंच ओट्यावर बसली. तिची आईसुद्धा शेजारणीची वाटी कधी रिकामी धाडत नसे. पण पुस्तकालाही तोच रिवाज लागेल, हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं. चांद्याला मात्र तिनं दोनदा कळवलं होतं की इथले लोक बेफिकीर आहेत.

"आमच्या घरी काही नसलं ना," ती हळू म्हणाली, "तर आई वाटीत तुळशीचं पान टाके."

"चालते तसं?"

"आमच्याकडं चालते."

"मंग सांगतो मी साऱ्यायले," रंभा म्हणाली. पहिल्यांदाच तिनं वर पाहिलं.

बाजाराच्या दिवशी सकाळपासून पुस्तकं यायला लागली. कुणी तुळस आणली, कुणी मूठभर वाळली मोहफुलं. एकीनं पळसाच्या द्रोणात सुकट आणली. देऊन झालं की जो तो आपल्या कामाला लागायचा. बोलायला कुणी थांबलं नाही.

दुपारी लाकडं वाहणाऱ्या ट्रकमधून चिटणीस उतरले. नाकाला रुमाल लावून त्यांनी अडतीस पुस्तकं मोजली आणि शाखा चालू ठेवा म्हणाले. मग आवाज उतरवून बोलले, "तुमच्या आईनं दोनदा निरोप धाडलाय. एकट्या राहाल इथं?"

इंदिरानं पुस्तकं पेटीत रचून झाकण लावलं.

"तिला सांगा, दिवाळीला येते. आणि पुढची पेटी मोठ्या अक्षरांची पाठवा. ह्या घरांमध्ये उजेड कमी असतो."

ट्रक गेला, बाजारही उठला. तिनं सुकट भाजली, भात वाढून घेतला. ताट पुढ्यात घेऊन, कुणी येतं का म्हणून उघड्या दाराकडं थोडा वेळ बघत राहिली. मग जेवली.