हरिसिंगची पारख आणि मारेगावचा ट्रॅक्टर

हरिसिंगनं मान हलवल्याशिवाय आमच्या भागात बैलाचा सौदा होत नसे. दारव्ह्याच्या बाजारात तो नुसता दिसला तरी व्यापारी आपली लबाड जनावरं मागच्या रांगेत नेत. त्याच्या बंजारा वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. त्याच्या वाट्याला तांड्यालगतचं शेत आलं आणि बैलाची पारख आली. शेतीत तो बेताचाच होता, पण पारखीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे त्याला चांगलंच ठाऊक होतं.

पुढंपुढं तर तो फारच शिष्ट झाला. हाक मारली तरी वळून पाहत नसे. मी तेव्हा तिथल्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. भर बाजारात दोनदा हाक मारून मीही फजीत झालो. त्याचा थोरला भाऊ देवसिंग यानं तर त्याच्या घरी जाणंयेणंच सोडलं.

खरी गोष्ट अशी की हरिसिंगला ऐकू येईनासं झालं होतं. मला हे नंतर कळलं. तुम्हाला आधीच सांगतो, म्हणजे तुम्ही माझ्यासारखे त्याच्यावर उगाच चिडणार नाही. कानाशी मोठ्यानं बोललं तर थोडंफार कळे, बाकी सगळं ओठांकडं पाहून. हे एकट्या रामीबाईला, त्याच्या बायकोला, माहीत होतं. बाजारात ती त्याच्या डाव्या बाजूला उभी राही. बैलाच्या श्वासात घरघर असली, चालताना खुराचा आवाज वेडावाकडा आला, की ती त्याची बाही ओढी. लोक म्हणत, बायको कशी सावलीसारखी असते! ती दोन वर्षं दोघांसाठी ऐकत होती. एकदा हे फुटलं की आपल्या शब्दाला कुत्रंही विचारणार नाही, अशी भीती हरिसिंगच्या मनात बसली होती.

तेवढ्यात, चौसष्ट साली, तांड्यातल्या नऊ घरांनी मिळून जुना डिझेल ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं. मारेगावला देवीलाल नावाच्या ठेकेदाराकडं लहानसा परदेशी ट्रॅक्टर विकायला होता. दारव्ह्याचा मेकॅनिक निजामुद्दीन सोबत यायचा होता, पण त्याच्या मुलीचं, अकीलाचं, लग्न निघालं. त्यानं काय काय पाहायचं ते हातवारे करून हरिसिंगला समजावलं आणि मोकळा झाला. मला म्हणाल तर ट्रॅक्टरमधली फक्त बसायची जागा ओळखू येत होती. मी कागद करायला चाललो होतो.

हरिसिंगनं रामीबाईला बरोबर घेतलं. तिची बहीण मारेगावला असते, असं निमित्त सांगितलं. पण ऐन वेळी देवसिंग एसटीत चढला. "नऊ घराचा मामला हाये," एवढंच तो मला म्हणाला, भावाकडं न पाहता.

इथंच सगळं बिघडलं. देवसिंग हा रामीबाईचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर तिनं तोंड उघडायचं नाही, जवळ उभं राहायचं नाही, ओढणी खाली ओढून लांब थांबायचं, अशी रीत. देवीलालच्या आवारात ती वीस-पंचवीस हात लांब, कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिली.

ट्रॅक्टरला ताजा निळा रंग दिला होता. मी तर पाहताक्षणीच भाळलो. हरिसिंगनं आधी इंजिनावर तळहात ठेवला. ते गरम होतं.

"सकाळीच पळवला काहून?" त्यानं विचारलं. "आता थंडा होऊ द्या. थंडा असताना चालू झाला पायजे."

देवीलालनं चहा मागवला, मग जेवायचा आग्रह केला, पण हरिसिंग ट्रॅक्टरजवळून हलला नाही. इंजिन निवेपर्यंत त्यानं बाकीचं पाहिलं. पुढचं चाक उचलून हलवलं. रेडिएटरचं झाकण काढून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते पाहिलं. तेलाची कांडी बाहेर काढून बोटावर चोळली. पाणी मिसळलं तर तेल दुधाळ होतं म्हणे. रंगाखाली नखानं खरवडून गळतीचे डाग शोधले. मग मागं जाऊन ट्रॉली जोडायच्या भोकात बोट फिरवलं. भोक गोल राहिलं नव्हतं, झिजून लांबट झालं होतं.

"शेतात चालवला म्हणता," तो देवीलालला म्हणाला, "हा तर झरीच्या जंगलात लाकडं ओढून राह्यला होता."

देवीलाल हसला, किंमत थोडी उतरवली. देवसिंगच्या चेहऱ्यावरही मला अभिमान दिसला, खोटं कशाला सांगू. आता इंजिन थंड झालं होतं. ते पहिल्याच फटक्यात सुरू झालं. धूर थोडा काळा निघाला आणि लगेच विरला. निळा नाही, पांढरा नाही, म्हणजे ठीक. मागची अवजारं उचलायची लिफ्ट दगड लादून उचलून ठेवली, ती खाली बसली नाही. इंजिन चालतच राहिलं.

"आवाज ऐका," देवीलाल म्हणाला, "बिलकुल घडी के माफिक."

आम्ही सगळे हरिसिंगकडं पाहू लागलो. आम्हाला तो नुसताच धडधडाट वाटत होता. त्यातलं बरं-वाईट त्यानं सांगायचं. त्यानं इंजिनावर हात ठेवला, मान वाकवली, डोळे मिटले. मग डोळे उघडून त्यानं कडुलिंबाकडं पाहिलं. ओढणीआड चेहरा दिसत नव्हता. ओढणी हलली. ती मान हलवत होती की ओढणी वाऱ्यानं हलली, कोणाला कळणार? ती दोन पावलं पुढं आली आणि देवसिंगला पाहून थबकली.

"बोल बा," देवसिंग म्हणाला. "घ्यायचा का नाही?"

हरिसिंगनं "घ्या" म्हटलं असतं तर पुरलं असतं. ट्रॅक्टर पुढं बिघडला तरी जुन्या यंत्राचं नशीब म्हणून सोडून देता आलं असतं. त्याचे ओठ दोनदा हलले. मला वाटलं, हिशेब करतोय.

"दादा," तो म्हणाला, "मले आयकू येत नाही. दोन वर्ष झाले. बैलाचं बी रामीच आयकते. तिले इचारा."

देवीलालनं इंजिन बंद केलं. देवसिंग भावाच्या तोंडाकडं बघत राहिला, मग कडुलिंबाकडं वळला. भावजयीशी तो जन्मात बोलला नव्हता.

"सांग, रामी," तो म्हणाला.

ओढणीआडून आवाज आला, बारीक पण स्पष्ट. "पह्यले चांगला होता. गरम झाल्यावर आतून दुसरा ठोका येऊन राह्यला. तांड्यातल्या खेमसिंगच्या विहिरीवरचं इंजन असंच वाजे. मंग चार दिवसानं फुटलं."

सौदा मोडला. देवीलालनं बाईमाणसाच्या शब्दावरून बरंच तोंडसुख घेतलं. आम्ही ऐकून घेतलं आणि निघालो. पुढं मी निजामुद्दीनला विचारलं तेव्हा तो म्हणाला, आतला कनेक्टिंग रॉड सैल झाला की दाट तेल भरून तो ठोका दाबतात, पण तेल तापून पातळ झालं की लपत नाही. ती बाई नसती तर नऊ घरं बुडाली असती, असंही म्हणाला.

परतीच्या एसटीत हरिसिंग खिडकीशी बसला होता. पारख गेली, नाव गेलं, असं त्याच्या खांद्यांवरूनच दिसत होतं. मला फार वाईट वाटलं, आणि आपण त्याला शिष्ट म्हणालो याची लाजही वाटली. मारेगाव मागं पडल्यावर देवसिंग उठला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला. कानाशी तोंड नेऊन तो बोलायला लागला, पण मोठ्यानं बोलावं लागत होतं, त्यामुळं सगळी एसटी ऐकत होती.

"दोन वर्ष तुले आवाज देऊन राह्यलो! मले वाटलं, तुले माज आला!"

हरिसिंगनं कान त्याच्या आणखी जवळ नेला.

"रोज शिव्या देल्या तुले! तुया दारासमोर उभा राहून देल्या!"

"नाही आयकल्या, दादा."

"एक बी नाही?"

"एक बी नाही."

कोणीतरी हसलं. देवसिंगनं पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले आणि खाकरला. "हऱ्या," तो म्हणाला, "आज घरी जेवाले ये."

पण आवाज त्याचा दाटून आला होता, शब्द बारीक निघाले. हरिसिंगला कळलं नाही. सवयीनं त्यानं मागच्या बाकावर बसलेल्या रामीबाईकडं पाहिलं.

देवसिंगनं त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं. "तिच्याकडं कायले पाहतं? मी सांगून राह्यलो ना," असं म्हणून त्यानं तेच पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.