राणीचं पुढे काय झालं

आईला ऐकू येईनासं झालं तसं आमच्या घरात बोलणं म्हणजे ओरडणं होऊन बसलं. गोळी घेतलीस का, हेसुद्धा भांडल्यासारखं विचारावं लागायचं. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून तिने डबीत टाकलं आणि हळूहळू बोलणंच सोडलं. मला वाटायचं, रुसली आहे. तिने कुणाशी तरी चार शब्द बोलावेत असं फार वाटे, पण ऑफिसातून आल्यावर तिची समजूत काढायचं त्राण माझ्यात उरत नसे.

अशात नेरूळच्या आमच्या सोसायटीत नोटीस लागली, की रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये ज्येष्ठांसाठी मूकपट. एके काळी म्हणे यावर लोकांच्या उड्या पडत. देव पडद्यावर आले की बायका हात जोडायच्या. मला त्याचं काय? ऐकू यावं लागत नाही असा सिनेमा, एवढंच पुरे होतं. हक्काची झोप गेली म्हणून चरफडत मी तिला खाली नेलं.

शेजारच्या खुर्चीत बोनकोड्याहून लेकाकडे राहायला आलेल्या आजी होत्या. त्यांना पडद्यावरचा उजेड तेवढा दिसे. मध्ये मध्ये अक्षरांची पाटी येई, ती आई पुटपुटत वाचू लागली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते पुटपुटणं अख्ख्या हॉलला पोचलं. मागून शू-शू झालं. मी तिच्या कोपराला हात लावणार, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गो, वाचू दे तिला. मना काय बी दिसत नाय."

मग आई पाट्यांच्या मधलंही सांगू लागली. राजाने राणीला लेकीसकट हाकलून दिलं. राणीचं काम एका बाप्याने केलेलं. "मनगटं पैलवानाची आहेत मेलीची," आई म्हणाली आणि आजी पदर तोंडाला लावून हसल्या. कितीतरी दिवसांनी मी तिला असं सलग बोलताना ऐकत होते. मला रडू येत होतं आणि जांभयाही.

रानात राणी आजारी पडली, मुलगी पाणी आणायला गेली आणि पडदा पांढरा झाला. सिनेमा दाखवणाऱ्याने सांगितलं, पुढची रिळं कुठेच उरलेली नाहीत, आता एवढाच सिनेमा आहे. लोक खुर्च्या सरकवत उठले. आईला यातलं काहीच ऐकू आलं नाही. ती पुढच्या पाटीची वाट बघत होती. आजींनी सगळं ऐकलं होतं, तरी त्यांनी आईचा हात दाबला, पुढे सांग म्हणून.

मी पिशवी उचलून उभी होते. उद्याची भाजी निवडायची होती.

पांढऱ्या पडद्याकडे बघत आई सांगू लागली. "मुलगी पाणी घेऊन आली. रोज तीच आणते. फार दमते गं. आईला तिच्याशी खूप बोलायचं असतं. पण काही विचारलं की तिला ओरडून सांगावं लागतं, घसा बसतो तिचा. म्हणून आई विचारतच नाही."

"मंग?" आजींनी पुन्हा हात दाबला.

मी पिशवी खाली ठेवली आणि आईच्या दुसऱ्या बाजूला बसले.