वैशूचा मंगळ आणि आमचं खळं

खळ्यावर भात झोडायला घेतलं की दाणे एका बाजूला पडतात आणि किस्से दुसऱ्या. दाणे भरून घरात जातात. किस्से तिथेच साठत राहतात, आणि यंदा तर भाताच्या भाऱ्यांची रचावी तशी त्यांची उडवीच रचली गेलीय! सगळ्याला कारण एकच, माझी नणंद वैशू आणि तिच्या मोबाइलमधलं ताऱ्यांचं अ‍ॅप.

झालं असं, की डोळखांबजवळच्या आमच्या गावात वैशूसाठी मुरबाडकडचं स्थळ आलं. मुलगा चांगला, वैशूला मनापासून आवडलेला. पण हिच्या पत्रिकेत निघाला मंगळ! मुलाकडचे म्हणाले, "आजीला इचारून कळवतो," आणि गप्पच बसले. दुसरी असती तर रडत बसली असती. ही बया म्हणते, "वहिनी, माझं लगीन अडवनारा हाय तरी कसा, एकदा बघूनच घेते!" आणि तिथल्या तिथे अ‍ॅप डाउनलोड केलं.

*

फोन आभाळाकडे धरला की त्या दिशेचे ग्रह-तारे नावांसकट दिसतात. पहिल्याच संध्याकाळी शुक्र सापडला, शनी सापडला. आम्ही बायकांनी टाळ्या पिटल्या! मग वैशूने मंगळ शोधायला टाकला, तर बाण वळला खाली. बाणामागे फोन फिरवत ती गोठ्यापाशी गेली आणि जमिनीकडे टक लावून उभी राहिली. मंगळ अजून उगवायचाच होता, म्हणून तो पायाखाली!

माझे चुलत सासरे बबनकाका लांबून ओरडले, "तिथं खनू नको गो पोरी, खालनं पान्याचा पाइप गेलाय!"

*

काही दिवसांनी फोनने टेकडीवर मंगळ दाखवला. लालभडक! बबनकाकांनी चप्पल काढून हात जोडले, "देवा, पोरीची वाट सोड." मग आम्हीही जोडले. हे रोजचंच झालं.

एका संध्याकाळी लाइट गेली, आणि लाइटीबरोबर मंगळही गेला! तो निघाला मोबाइल टॉवरचा दिवा. वैशू फोन टेकवायची खळ्याकडेला ठेवलेल्या मळणी यंत्राला, आणि एवढ्या लोखंडाजवळ फोनची दिशाच चुकायची.

काका काही खट्टू झाले नाहीत. म्हणाले, "असू दे. एवढे हात जोडलेत, रेंज तरी नीट देईल."

*

दिशा सुधारायची तर फोन धरून हवेत इंग्रजी आठ काढायचा, असं अ‍ॅपच सांगतं. वैशू काकांसमोर उभी राहून आठ काढायला लागली. तेवढ्यात माझ्या आत्येसासूबाई वेणूआत्या आल्या. त्यांनी ते बघितलं, आल्या पावली घरात गेल्या आणि मीठ, मोहरी, मिरच्या घेऊनच बाहेर आल्या.

"नुसत्या फोननं दृष्ट निघते होय गो? हे घे!"

मिरच्यांच्या धुराने अख्खं खळं खोकत सुटलं. फोन मात्र सुधारला. तो मिरच्यांमुळेच सुधारला, असं आत्या अजूनही सगळ्यांना सांगतात.

*

पौष सरला आणि निरोप आला, "आजी सोता येतेय." मंडळी दुपारी पोचायची, पण वाटेत त्यांची जीप बंद पडली आणि यायला दिवेलागण झाली. आजी काठी टेकत ओट्यावर बसली. शेजारी मुलगा मान खाली घालून बसला. चहा झाला, आणि आजीने सरळच विचारलं, "पोरीला मंगळ हाय म्हनं?"

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

वैशू उठली. आजीचा हात धरून तिला थेट खळ्यावर घेऊन गेली. मी "अगं!" म्हणेपर्यंत दोघी पोचल्याही. आम्ही सगळे मागोमाग गेलो.

वैशूने फोन पूर्वेला धरला. "ह्यो बघा आजी. मंगळ."

आजीने फोनमध्ये बघितलं. मग फोन बाजूला सारून आभाळात बघितलं. तिथे एक लालसर ठिपका चमकत होता.

"किती लांब हाय गो?"

"करोडो किलोमीटर, आजी."

आजीने काठी सावरली. मग नातवाकडे वळली.

"मुरबाडवरनं इथं यायला आपली दुपारची रात झाली. ह्यो तिथनं कवा पोचायचा रे? साखर आना!"