सहाव्या लेव्हलची केस

आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून मी बंगळूरहून पांढरकवड्याला आले. ऑपरेशन नागपुरात झालं, पण घरी आणल्यावर तिला उठवणं-बसवणं बाबांच्या एकट्याच्यानं होईना. कंपनीनं घरून काम करायची परवानगी दिली. माझ्या मॅनेजरनं मात्र तेव्हाच सावध केलं. ती माझ्याहून थोडीच मोठी, बोलायला सरळ. म्हणाली, "काम तू कुठूनही करशील गं. पण वर जायचं असेल तर लोकांना तू दिसायला हवीस."

वर जायचं म्हणजे पाचव्या लेव्हलवरून सहाव्या. आमच्यासारख्या मोठ्या कंपनीत इंजिनियरला हुद्द्यापेक्षा त्याच्या लेव्हलचा आकडा जास्त चिकटतो. कॉलेजातून आलेला तिसऱ्यावर लागतो. नेटानं काम केलं तर पाचव्यापर्यंत माणूस पोचतोच. पुढची वाट अरुंद. पाचव्यावर दिलेलं काम चोख करायचं असतं. सहाव्यावर कोणतं काम करायला हवं हे आपणच शोधायचं, आणि जे आपल्या हाताखाली नाहीत त्यांच्याकडून ते करून घ्यायचं. मॅनेजर आपली केस लिहिते, सोबतचे मतं देतात, वरच्या लेव्हलचं कुणीतरी 'ही तयार आहे' म्हणावं लागतं, आणि मग आपल्याला कधीच न भेटलेल्या लोकांची समिती निकाल देते.

बाबा पंचायत समितीत कारकून होते, तिथूनच रिटायर झाले. त्यांना हे काही पटेना.

"आमच्याकडे ज्येष्ठतेची यादी लागे. नंबर आला का माणूस चढे. तुमचं हे कायचं प्रमोशन? आधी वरचं काम करून दाखवा अन् मंग वरची खुर्ची?"

"तसंच आहे, बाबा."

"अन् काम करूनही खुर्ची नाही भेटली त?"

"तर नाही भेटली."

"मंग कायले करून राह्यली?" असं म्हणून ते आईच्या गोळ्या काढायला उठले.

करत होते कारण संधी खरंच मोठी होती. घरपोच सामान मागवायच्या आमच्या ॲपवरची सगळ्या ग्राहकांची खाती जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत न्यायची होती. आराखडा आमच्या सगळ्यांत वरिष्ठ इंजिनियरचा. ते आठव्या लेव्हलवर. कमी बोलत, पण समितीत त्यांचं एक वाक्य बाकीच्यांच्या पानभर लिहिण्याला भारी पडे. हे काम चालवायला त्यांनीच मला निवडलं होतं. समिती बसायच्या आत काम संपेल अशी तारीख मॅनेजरनं बघून ठेवली होती. "हे पार पडलं की तुझी केस आपोआप उभी राहते," ती म्हणाली होती.

मे महिना होता. बाबांनी त्याच सुमारास नवं सिम घेतलं. तो नंबर आधी कुण्या ट्रान्सपोर्टवाल्याचा असावा, कारण दिवसभर फोन येत. कधी हिंदीत, कधी तेलुगूत. गाडी खाली झाली का, माल कुठवर आला. बाबा न चिडता सांगत, "भैया, वो आदमी मैं नहीं."

एका दुपारी मी त्यांच्या फोनवर आमच्याच कंपनीचं ॲप टाकून देत होते, आईची औषधं मागवता यावीत म्हणून. नंबर टाकला. ॲपनं विचारलं, या नंबरावर आधीच एक खातं आहे, ते तुमचंच का? बाबांनी 'नाही' दाबलं, नवीन खातं उघडलं, आणि ते आईला दाखवायला फोन घेऊन आत गेले.

मी तिथंच बसून राहिले. जुन्या यंत्रणेतला हा प्रश्न कुणीतरी फार पूर्वी घालून ठेवला होता. त्यामुळे एकाच नंबरावर दोन वेगळ्या माणसांची दोन खाती राहू शकत होती. नव्या आराखड्यात तसं नव्हतं. एक नंबर, एक खातं. दोन आढळली तर ती एकत्र करायची. म्हणजे त्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या खात्यात आईची औषधं दिसणार होती आणि बाबांच्या खात्यात त्याच्या घरचा पत्ता. आणि सोडलेले नंबर तर देशभर रोज कुणाला ना कुणाला मिळत असतात.

चाचणीच्या यंत्रणेत तसंच घडवून पाहिलं. दोन्ही खाती निमूटपणे एक झाली. कुठं चूक म्हणून नोंदसुद्धा पडली नाही. 

मॅनेजरला फोन लावला. सगळं ऐकून तिनं विचारलं,

"अशी खाती किती असतील?"

"माहीत नाही. शोधायला वेळ लागेल."

"थोडीच असतील तर नंतर दुरुस्त करता येतील ना?"

"एकदा एकत्र झाली की कुणाचं काय ते वेगळं करता येणार नाही."

"बघ," ती म्हणाली, "तारीख हलली तर या वेळेस तुझ्या केसमध्ये दाखवायला काही उरत नाही. आणि चूक त्यांच्या आराखड्यात निघतेय. तुझ्यासाठी समितीत बोलणारे तेच आहेत. आधी त्यांच्याशी एकटीनं बोल."

मी वरिष्ठ इंजिनियरांना निरोप टाकला. ते प्रवासात होते. उत्तर आलं, 'उद्याच्या बैठकीत बघू.' ती बैठक काम सुरू करायचा शेवटचा होकार देण्यासाठी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी नळाच्या पाइपासाठी खोदकाम करताना जेसीबीनं इंटरनेटची केबल तोडली. फोनवरून जोडायला गेले तर आवाज तुटून येई. बैठकीला अर्धा तास राहिला होता. मी लॅपटॉप हातात धरून गच्चीवर, अंगणात, पुन्हा गच्चीवर फिरत होते.

बाबा खालून ओरडले, "विहारात चाल! तिथची लाइन दुसरी आहे."

आमच्या बुद्धविहारात अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पोरं-पोरी तिथं दिवसभर बसतात. बाबा विहाराच्या समितीवर, किल्ल्या त्यांच्याकडे. शेजारच्या काकूंना आईजवळ बसवलं आणि मी बाबांना स्कूटीवर मागं घेऊन निघाले. ऊन असं की हँडल हातात धरवेना.

अभ्यासिकेत सगळ्या माना खाली. मागच्या खोलीत सतरंज्या आणि माइकचं सामान ठेवलेलं. बाबांनी मला तिथं बसवलं, खुर्ची दारात टाकली आणि स्वतः पहारा दिल्यासारखे बसले. पंखा नव्हता. मी जोडले गेले तेव्हा बैठक सुरू झालेली होती.

एकेका टीमनं 'तयार' असं सांगितलं. माझी पाळी आली. सहा टीमचे लोक ऐकत होते. मी म्हटलं, "मी तयार म्हणू शकत नाही."

मग दोन खात्यांची गोष्ट सांगितली.   

वरिष्ठ इंजिनियरांनी विचारलं, "हे तुला केव्हा कळलं?"

"काल दुपारी."

"आराखडा चार महिने सगळ्यांसमोर आहे. तूही तो तपासला होतास."

"हो. तेव्हा मला दिसलं नाही."

"किती खाती आहेत ते माहीत नाही, आणि सगळं थांबवायचं म्हणतेस?"

"हो." मग वाटलं, एवढ्यानं भागणार नाही. "मोजल्याशिवाय सुरू करायचं असेल तर करा. पण हे काम चालवणारी म्हणून माझा होकार नाही, हे लिहून ठेवा."

आवाज चढला होता. अभ्यासिकेतून एक मुलगी दाराशी आली. "काका, ताईले जरा हळू बोलाले सांगा ना. पेपर सोडवून राह्यलो आम्ही." बाबांनी तिला हातानंच थांबवलं.  मॅनेजरही बैठकीत होती. तिनं माझ्या बाजूनं एक शब्द बोलावा असं मला फार वाटत होतं. ती बोलली नाही.

शेवटी वरिष्ठ इंजिनियर म्हणाले, "थांबवा. मोजून घ्या." आणि निघून गेले.

मी लॅपटॉप मिटला.  बाबांनी पाण्याची बाटली पुढं केली.

"साहेबाशी भांडली का तू?"

"भांडले नाही. नाही म्हटलं."

"आमच्याकडे अशा माणसाची बदली तिकडं जंगलात झरी-जामणीले करत," ते म्हणाले, आणि हसले नाहीत.

मोजल्यावर कळलं, अशी खाती थोडीथोडकी नव्हती. कुणी 'बरं झालं थांबलो' म्हटलं नाही. टीममधले दोघे माझ्यावर नाराज होते, कारण त्यांचंही वर जाणं याच कामावर टांगलेलं होतं. वरिष्ठ इंजिनियरांचा मात्र एका ओळीचा निरोप आला. 'आराखडा नव्यानं मांड. तूच.'

मॅनेजरनं माझी केस तरीही पाठवली. समितीचं उत्तर आलं, काम पूर्ण झालेलं नाही, परिणाम दिसत नाही. जे घडलं नाही त्याचा परिणाम कुठं दाखवणार? बंगळूरला माझ्या शेजारी बसणारा सहकारी त्या वेळी सहाव्यावर गेला. मी त्याला अभिनंदन लिहिलं. मग आईचे व्यायाम घ्यायला गेले आणि तिचा पाय जरा जोरात उचलला. ती कळवळली. "माय, तुयावालं डोकं कुठं आहे?" मी तिच्या पलंगाच्या कडेवर बसून रडले. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, कारण न विचारता.

नवा आराखडा मी लिहिला. सगळी खाती एकदम न नेता टप्प्याटप्प्यानं, आणि जुना प्रश्न नव्या यंत्रणेतही ठेवून. त्यासाठी माझ्याशी नीट न बोलणाऱ्या त्या दोघांना एकेक करून समजवावं लागलं. कधी चिडून, कधी अक्षरशः विनवण्या करून. हिवाळा लागला तेव्हा काम संपलं. पुढच्या समितीत केस मंजूर झाली. माझ्यासाठी काय बोलणं झालं ते मला कधीच कळलं नाही. मॅनेजरनं फोनवर एवढंच सांगितलं, "आपले आठव्या लेव्हलचे साहेब तुझ्याबद्दल बराच वेळ बोलले म्हणे." मग म्हणाली, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

मी "असू दे" म्हटलं. पूर्ण मनापासून नव्हतं ते.

आई तोवर काठी घेऊन अंगणात फिरू लागली होती. बाबांना बातमी सांगितली.

"आता हाताखाली किती जण?"

"एकही नाही."

"एकही नाही? मंग चढली कशी?"

मी समजवायला लागले. लेव्हल, समिती, टीम. त्यांनी ऐकून घेतलं. संध्याकाळी चौकात त्यांना कुणालातरी सांगताना मी ऐकलं, "पोरगी मॅनेजर झाली." मी स्कूटी तशीच पुढं नेली.