तपासणीचा अभ्यास

रक्त-लघवीच्या तपासणीला अभ्यास करून जाणारा माणूस उभ्या पुण्यात एकच निघेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. साडूभाऊंनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. मोज्यातून, बाहीतून, कंपासपेटीच्या तळातून त्यांनी कॉपीच्या चिठ्ठ्या हुडकून काढल्या. निवृत्त झाल्यावर मधुमेह आणि रक्तदाब असे दोघेही मुक्कामाला आले. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवायला हवं, दर तीन महिन्यांनी लघवीतलं प्रोटीन आणि रक्तातलं क्रिएटिनिन बघत जाऊ. झालं. साडूभाऊंच्या डोक्यात तिमाही परीक्षा शिरली.

एरवी हा गृहस्थ खाण्यापिण्यात हात आखडता घेणारा नाही. धायरीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पानात लोणच्याच्या दोन जाती आणि भाजलेला पापड नसेल तर ते जेवण अपुरं धरतात. रविवारी मिसळीवर जादा तर्री मागतात आणि "एवढ्याने काय होतंय?" असं वर आम्हालाच विचारतात. रक्तदाबाच्या गोळ्या पाकिटात सुखरूप असतात. तपासणीचा आठवडा उजाडला की मात्र घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. मीठ बंद. लोणच्याची बरणी माळ्यावर. गोळ्या घड्याळ लावून. मुगाचं कढण, धन्याचं पाणी, बार्लीचं पाणी, आणि वर साधं पाणी तांब्यामागून तांब्या. त्या आठवड्यात त्यांना घेऊन कुठेही जाणं म्हणजे वाटेतल्या प्रत्येक सार्वजनिक मुतारीचं दर्शन घेणं. मी एकदा वैतागून म्हणालो, "अहो साडूभाऊ, तपासणी तुमच्या मूत्रपिंडांची आहे, तुमची नाही." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "तयारी न करता परीक्षेला बसणारी मुलं मी पाहिलीयत. काय होतं त्यांचं, तेही पाहिलंय."

लॅबपर्यंत सारथ्य माझ्याकडे. सिंहगड रस्त्याच्या त्या गर्दीत स्कूटरवर मागे बसून ते लघवीच्या डबीची कापडी पिशवी छातीशी धरत आणि प्रत्येक खड्ड्याला "सांभाळून, सांभाळून" म्हणत. लॅबमध्ये पोचल्यावर वाद ठरलेला. एकदा काउंटरवरच्या मुलीने डबी उजेडात धरली, पुन्हा एकदा धरली आणि विचारलं, "काका, ही लघवीच आहे ना?" साडूभाऊ म्हणाले, "आमच्याकडे अशीच असते. तुम्हाला गढूळ बघायची सवय दिसतेय." रांगेतले लोक हसले. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलो. संध्याकाळी रिपोर्ट आला की ते तो सगळ्या नातेवाइकांना मोबाइलवर पाठवत, आणि त्याच रात्री बरणी माळ्यावरून खाली येई.

हे असं बरेच दिवस चाललं. मग डॉक्टरांना शंका आली. दवाखान्यात आयत्या वेळी मोजलेला रक्तदाब चढलेला, पायांवर किंचित सूज, आणि रिपोर्ट मात्र स्वच्छ, हे त्यांना जुळेना. त्यांनी ताईंना, म्हणजे साडूभाऊंच्या बायकोला, बाजूला घेऊन सांगितलं, "आठवडाभर पथ्य करून आणि पोटात पाणी भरून दिलेल्या नमुन्यातून मला काय कळणार? न सांगता, एखाद्या साध्या दिवशी, सकाळची पहिली लघवी आणा. आत्ता कळलं तर मूत्रपिंडं वाचवता येतील. उशिरा कळलं तर माझ्या हातात फार काही राहणार नाही."

ताईंनी मला फोन केला. "भावोजी, उद्या सकाळी स्कूटर घेऊन या. आणि त्यांना काही सांगू नका." सकाळी मी पोचलो तेव्हा ताई रिकामी डबी घेऊन न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या आणि साडूभाऊ आदल्या दिवशीची मिसळ पचवून नुकते उठले होते. "तारीख पुढच्या महिन्यात आहे," ते म्हणाले. "चहा डबी भरल्यावर मिळेल," ताई म्हणाल्या. साडूभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वर्गातल्या सगळ्यात विश्वासू मुलाच्या बाहीत चिठ्ठी सापडली असावी.

रिपोर्टमध्ये लघवीतून प्रोटीन जात असल्याचं स्पष्ट दिसलं. त्याच सकाळी दिलेल्या रक्तातलं क्रिएटिनिन अजून बरं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर सापडलं, आता गोळ्या रोज आणि मीठ बेतानं. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मी इतक्या दिवसांचा राग काढला. म्हटलं, "डॉक्टरांना फसवून काय मिळवलंत?"

ते स्कूटरला टेकून उभे राहिले. "डॉक्टरांना कोण फसवतंय? माझा थोरला भाऊ डायलिसिसवर होता. मीच नेऊन बसवायचो त्याला. सुया टोचून टोचून त्याचा हात कसा झाला होता, ते मी बघितलंय. रिपोर्ट चांगला आला ना, की पुढचे तीन महिने मला झोप लागते. तेवढ्यासाठी करत होतो." या माणसावर चिडण्यात माझ्या किती सकाळी गेल्या होत्या, आणि तो नुसता घाबरलेला होता.

आता ते गोळ्या रोज घेतात. कुरकुरत का होईना, अळणी जेवतात. परवा पुन्हा तपासणी झाली. आदल्या दिवशी वेगळं काही केलं नव्हतं, जास्तीचं पाणीसुद्धा प्यायले नव्हते. डबी देऊन, रक्त देऊन आम्ही बाहेर आलो. कोपराजवळचा कापसाचा बोळा दाबत त्यांनी विचारलं, "काय येईल हो रिपोर्ट?"

"जसे आहात तसा येईल," मी म्हणालो.

"त्याचीच तर भीती वाटते," ते म्हणाले. मी स्कूटरची किल्ली पुन्हा खिशात टाकली आणि समोरच्या टपरीवर दोन बिनसाखरेचे चहा सांगितले.