खळग्याभोवतीचे पिवळे कडे

शनिवार, १८ जून २००५, सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटे. उत्तर आयोवातल्या एका खडीच्या रस्त्यावर काकांनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद करण्याआधीच निदान सांगून टाकले.

"जाळलंय त्यानं पीक. तण मारायच्या स्प्रेचा डोस चुकला. मी तीस वर्षं प्रॅक्टिस केली आहे, ओव्हरडोस ओळखायला मला लॅब लागत नाही."

मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "तीस वर्षांत एकदा तरी सोयाबीन तपासलं होतं का?"

काका काही माझे नात्याने काका नव्हेत. सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातून येऊन या लहान गावात स्थिरावलेले ते डॉक्टर. निवृत्त झाल्यावर त्यांनी ऐंशी एकर शेत विकत घेतले आणि शेजारच्या एका तरुण शेतकऱ्याला खंडाने कसायला दिले. मी दीड तासावरच्या विद्यापीठात मृदाशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी होते आणि महिन्यातून एखादा शनिवार-रविवार काकूंच्या हातचे वरण-भात जेवायला येत असे. या वेळी मात्र जेवणाबरोबर कामही होते. काकांना खंडाचा करार मोडायचा होता. सप्टेंबरच्या आत नोटीस द्यावी लागणार होती आणि त्यासाठी माझ्याकडून एक कागद हवा होता.

"तू फक्त सायंटिफिकली लिहून दे, की हे स्प्रेमुळे झालं. बाकीचं मी बघतो."

त्या तरुणाची स्वतःची जमीन फार थोडी होती. हे ऐंशी एकर गेले तर शेती सोडून त्याला शहरात नोकरी शोधावी लागली असती. हे काकूंनी आदल्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता मला सांगितले होते आणि पुढे फक्त एवढेच म्हटले होते, "उद्या नीट बघ हं."

मी खाली उतरले. शेताच्या मधोमध एक उथळ खळगा होता आणि त्याच्या काठाने सोयाबीनचे एक रुंद कडे पिवळेधमक झाले होते. पानांच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. खळग्याच्या तळाशी पीक बऱ्यापैकी हिरवे आणि बाहेरच्या उंचवट्यावर अगदी निरोगी. आमच्याकडे महाराष्ट्रात चुनखडीच्या जमिनीत ऊस असा दिसू लागला की त्यावर केवडा पडला म्हणतात.

या प्रदेशाची जमीन बर्फाने घडवली आहे. हिमनदी उत्तरेकडून सरकत आली तेव्हा वाटेतला चुनखडक तिने दळला आणि वितळताना चिकणमाती, वाळू, गोटे व तो चुन्याचा भुगा असे सारे मिश्रण न निवडता जागच्या जागी टाकून दिले. त्यावर हजारो वर्षे उंच गवत उगवत आणि कुजत राहिले. वरचा काळा थर ही त्या गवताच्या मुळांची कमाई. आमची काळी जमीन ज्वालामुखीच्या खडकाची, ही गवताची. रंग सारखा असला तरी कुळी वेगळी. पण वितळत्या बर्फाने पृष्ठभाग सपाट ठेवला नाही. डोळ्याला सहज न दिसणारे असंख्य खळगे त्याने मागे सोडले. पावसाचे पाणी खळग्यात साचते, जमिनीतून काठाकडे झिरपते, तिथून वर चढून वाफ होते, आणि विरघळलेला चुना काठावर ठेवून जाते. म्हणून सर्वांत जास्त चुना तळाशी सापडत नाही, तो काठावर असतो.

मी गिरमिटाने काठावरची माती काढली आणि तिच्यावर सौम्य आम्लाचे थेंब टाकले. माती फसफसून उठली. तळाच्या मातीवर टाकले तेव्हा फक्त बारीक बुडबुडे आले.

"बघा काका. लोह मातीत आहे, पण एवढ्या चुन्यात सोयाबीनच्या मुळांना ते घेता येत नाही. त्यात या वर्षी ओल जास्त."

"चुना काय कालच आला का इथे? गेल्या वर्षी मका कसा हिरवागार होता?"

"मक्याची मुळं लोह धरून आणणारा रस सोडतात. सोयाबीनला ते जमत नाही."

काकू थर्मासमधून चहा ओतत होत्या. "म्हणजे तुम्ही मला लोहाची गोळी कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ देत नाही, तसंच की!"

उदाहरण काकांच्या प्रांतातले होते, त्यामुळे ते उडवून लावणे अवघड होते. मग त्यांनी पिवळ्या कड्यातून गेलेल्या दोन हिरव्या पट्ट्यांकडे बोट केले. "आणि हे? ह्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. चाकांच्या आड औषध पोचलं नाही, तिथंच पीक हिरवं राहिलं. केस क्लोज्ड."

आक्षेप चांगला होता. माझ्याकडे उत्तर होते. वसंतात ओल्या मातीवरून ट्रॅक्टर गेला की माती दबते, दबलेल्या मातीत नायट्रेट कमी उरते आणि नायट्रेट कमी असले की पिकाचा लोहाचा त्रास थोडा हलका होतो. पण त्याच खुणेचा काकांनी लावलेला अर्थ त्या खुणेवरूनच खोडता येत नव्हता. दोन्ही स्पष्टीकरणे तिच्यात बसत होती. मला औषध न लागलेली जागा हवी होती, तीही याच कड्यात.

तेवढ्यात तो तरुण पिकअप घेऊन आला. उंच, उन्हाने लाल झालेला, माझ्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठा. टोपी काढून काकांना म्हणाला, "गुड मॉर्निंग, डॉक. माझ्या जन्माच्या दिवशी पहिली चापट तुम्हीच मारली होती. दुसरी आज मारणार, असं आई म्हणाली."

काका हसले नाहीत. काकू हसल्या आणि त्याच्या हातात चहाचा कप दिला.

मी त्याला इंग्रजीत सरळ विचारले, "या कड्यात तुझा स्प्रे कुठे चुकला आहे का?"

"नाही, मॅडम. मी काम व्यवस्थित करतो."

"मी काम तपासत नाही आहे. फवारणी न झालेली एक जागा मला हवी आहे."

तो कपाकडे पाहत राहिला. त्याची अडचण मला उशिरा कळली. जमीनमालकासमोर फवारणी चुकल्याचे कबूल करणे म्हणजे निष्काळजीपणाचा पुरावा स्वतःच्या हाताने देणे होते, तोही त्याच माणसाला, जो पुरावाच शोधत होता. मी आम्लाची बाटली बंद केली आणि थांबले. घाई माझ्या स्वभावात आहे, पण इथे मी एक शब्द बोलले असते तर तो माझ्यासाठी बोलला असता, स्वतःसाठी नव्हे.

शेवटी तो म्हणाला, "कुंपणाजवळ. तिथे फवाऱ्याची एक तोटी तुंबली होती. मला नंतर कळलं. तण उभं आहे तिथे. परत येऊन मारणार होतो, डॉक, पावसानं येऊ दिलं नाही."

आम्ही चौघे ओळींतून चालत गेलो. कुंपणालगत खळग्याच्या काठाचाच एक तुकडा होता आणि त्यात गुडघ्याएवढे तण माजले होते. तणनाशक तिथे पडले नव्हते याचा याहून उघड पुरावा नको होता. मी तण बाजूला सारले. आतले सोयाबीन पिवळे होते. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. फवारलेल्या शेजारच्या ओळींइतकेच.

काका वाकले. तण एका हाताने धरून त्यांनी पाने उलटीसुलटी करून पाहिली, रोगी तपासावा तशी. मग चाळीस-पन्नास पावले काठाने चालत जाऊन परत आले.

"औषध नाही, तरी लक्षण तेच," ते मराठीत म्हणाले. मग त्या तरुणाकडे वळून इंग्रजीत, "हे तण आहे ना, याबद्दल मात्र मी बोलणार."

"येस, सर."

"आणि आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नव्हतं, डॉक. तुम्ही थेट निकाल सांगितला होता."

काकू माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "चाळीस वर्षांत मला हे वाक्य सुचलं नाही बघ."

काकांना हवा होता तो कागद मी लिहिला नाही. दुसरा लिहिला. त्यात फवारणीने पिकावरचा ताण मुळीच वाढला नसेल असे मी म्हटले नाही, कारण ते मला माहीत नव्हते. पिवळेपणा चुन्याच्या कड्याशी जुळतो आणि फवारणीशी जुळत नाही, एवढेच म्हटले. काकांनी तो दोनदा वाचला. सप्टेंबर नोटिशीविना उजाडला. त्या रविवारी परतताना मी त्यांच्याकडे त्या काठावर तीन वर्षे मातीचे नमुने घेण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. माझ्या प्रबंधाचे सर्वांत चांगले प्रकरण त्या काठावर उभे आहे.

पुढच्या वर्षी मका होता. त्यानंतरच्या वर्षी, २००७च्या जूनअखेरीस, सोयाबीन पुन्हा आले. शेत अजून त्याच तरुणाकडे खंडाने होते. चुना सोसणारे वाण त्याने स्वतः शोधून फक्त काठावर पेरले होते. त्यासाठी पेरणी थांबवून दोनदा बियाणे बदलले, असे काका मला अभिमानाने सांगत होते, जणू कल्पना त्यांचीच.

पिवळेपणाला आम्ही एक ते पाच असे गुण देतो. एक म्हणजे पूर्ण हिरवे, पाच म्हणजे मेलेले. २००५ साली त्या कड्याला मी चार दिले होते. आता मी ओळीओळीने काठ फिरले. तो तरुण माझ्यामागे होता आणि त्याच्यामागे काका.

"एक दे," काका म्हणाले. "हिरवं तर आहे."

"पूर्ण नाही, काका. नवी पानं बघा."

"मग दोन दे. पोरानं मेहनत घेतली आहे."

"मेहनतीला गुण नसतात."

"कसली कंजूस आहेस ग तू! डॉक्टर झाली असतीस तर पेशंटला बरं झालास असं कधी म्हटलंच नसतंस."

त्या तरुणाला आमचे मराठी कळत नव्हते, पण भांडण कशावरून ते कळले असावे. तो खाली बसला, एक कोवळे पान बोटांत धरून उजेडाकडे केले आणि म्हणाला, "अजून थोडं पिवळं आहे. खरं तेच लिहा."

मी आकडा लिहिला: २.५.