बोटवाल्याचा तळहात

दर रविवारी तो कॅन घेऊन आमच्या दौंडच्या पंपावर यायचा. आधी तळहातावर पेट्रोलचे थेंब घ्यायचा. ते वाळले की तेलकट डाग राहिलाय का, हे उन्हात धरून बघायचा. "रॉकेल न्हाई ना मिसळलं, मामा?" दर वेळी हेच. माझं डोकं फिरायचं.

घ्यायचा तरी किती? कॅनचा तळ झाकेल एवढं. वर म्हणायचा, "दिसभर भीमेत बोट पळवतो. हौस हाय आपली." एवढ्याशा पेट्रोलवर? कुरकुंभच्या केमिकल कंपनीत कामाला होता. तिथलं सॉल्व्हंट आणून मिसळत असणार, आणि चोर आम्ही!

एका रविवारी मुद्दाम नदीवर गेलो. बाभळींच्या आडोशाला त्याची बोट दिसली. इंजिन बंद. घामाघूम होऊन वल्ही मारत होता. घाटावरची माणसं दिसू लागली, तशी त्यानं वल्ही आत घेतली, इंजिन सुरू केलं आणि सगळ्यांना ऐटीत हात केला.

पुढच्या रविवारी पुन्हा हजर. "मामा, मागचं पेट्रोल भेसळीचं होतं. बोट पळंना."

त्यानं तळहात पुढे केला. इतके दिवस मी त्यावर डाग राहतो का, एवढंच बघत होतो. आज फुटलेले फोड दिसले. मी थेंब सोडले. तो दात आवळून ते वाळायची वाट बघत राहिला.